ड्रायव्हरच्या सीटवरचं वजन

प्रिय रस्टी,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते: डॅडी ठीक आहेत, मी ठीक आहे, कुणी गेलेलं नाही. पत्र लिहितेय ते अशासाठी की आपल्या टीगांच्या घराण्यात फोनवर कुणालाच बोलता येत नाही. तू नाताळला टुसॉनहून फोन करतोस, डॅडी विचारतात, ‘काय रे, ऊन आहे का तिकडे?’ तू म्हणतोस, ‘आहे की. तुमच्याकडे?’ डॅडी म्हणतात, ‘गारठा आहे.’ मग दोघंही एकमेकांना जपून राहायला सांगता आणि फोन माझ्या हातात येतो. टुसॉनला ऊन असतं हे आता आपल्या डोंगरातल्या कोंबड्यांनाही पाठ झालंय.

गेल्या महिन्यात डॅडींनी तुला वाढदिवस नसताना फोन केला होता, आठवतंय? तुला नवल वाटलं असेल. ते तुला एक गोष्ट सांगणार होते, पण पुन्हा उन्हापाशीच अडकले. ती गोष्ट अशी की मिल रिजचा शर्यतीचा ट्रॅक विकला गेला. तिथे आता गोदामं होणार. सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी शेवटची शर्यत आहे, आणि जुन्या गाड्यांची एक वेगळी फेरी ठेवली आहे. जी गाडी एकेकाळी मिल रिजवर धावली ती, कुणीही चालवावी. हे चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं आणि त्याच दुपारी डॅडींनी कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये जाऊन तुझ्या निळ्या शेव्हेल गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. आत उंदरांनी संसार थाटला होता. डॅडी म्हणाले, ‘जॅनेल, ही एकदा पळाली पाहिजे. मागच्या चाकांचा ॲक्सल मी मापात लावणार. माझ्या हाताने लावलेली गाडी त्या ट्रॅकवर एकदा नीट फिरू दे, मग खुशाल डांबर उखडा म्हणावं.’ मी विचारलं, चालवणार कोण? ते म्हणाले, ‘रस्टी येईल.’ मी म्हटलं, त्याला विचारलंय का? तर म्हणे, ‘फोन करतो ना.’ आणि त्या फोनवर काय झालं ते तुला माहीतच आहे.

त्यांच्या डोळ्यांबद्दल मी तुला थोडं सांगितलं होतं, पण पुरतं नाही. नजरेचा मधला भाग गेलाय रे. कडेचं दिसतं, नाकासमोरचं नाही. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात, कारण कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो. पेपर सुटला, पिकअप चालवणं सुटलं, आणि ते आव असा आणतात की जणू पेपरात वाचण्यासारखं आणि गावात जाण्यासारखं काही उरलेलंच नाही. मी त्यांना म्हटलं, डॅडी, तुम्हाला मोजपट्टीवरचे आकडे दिसत नाहीत, ॲक्सल कसा लावणार? त्यांना मिरच्या झोंबल्या. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओकच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन आले. जिन्यासारख्या पायऱ्या कोरलेल्या, बोटाला लागतील अशा. गाडीच्या बाजूने ताणलेली दोरी आणि चाकाची कड यांच्या मध्ये तो तुकडा सरकवायचा, कुठल्या पायरीला अडतो ते अंगठ्याने मोजायचं. तासताना बोट कापून घेतलं होतं, ते पट्टीखाली लपवलं होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तर रविवारी चर्चहून आलो, टोमॅटोची सँडविचं खाल्ली आणि शेडमध्ये गेलो. अगदी जुन्यासारखं. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या उभ्या केल्या, त्यांना मासे धरायच्या गळाची दोरी ताणून बांधली, पुढून मागे, गाडीच्या मध्यरेषेला समांतर. तीच दोरी, तोच ‘हात लावू नका’चा दरारा. आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीवर शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या घेऊन. तुला हसू येतंय ना? तुझी हाडं माझ्यापेक्षा जड, म्हणून तुझं वजन भरून काढायला पिशव्या. ड्रायव्हर बसल्याशिवाय गाडीचं माप घ्यायचं नाही हा डॅडींचा पहिला नियम, आणि माप घ्यायच्या वेळी ड्रायव्हर कधीही जागेवर नसायचा हा तुझा. तू तळ्यावर नाहीतर त्या ब्रेन्डाच्या अंगणात. मग मम्मा स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, ‘जॅनेल, जा गं, भावाच्या जागी बस.’ माझं अख्खं तरुणपण मी तुझ्या सीटवर तुझं वजन होऊन काढलंय. हलायचं नाही, खोकायचं नाही, दार आपटायचं नाही. एकदा मला शिंक आली तर डॅडींनी सगळं माप पुन्हा घेतलं होतं.

पण तुला एक सांगू? मला ते आवडायचं. कोंबड्यांचा वास, ग्रीसचा वास, खारे शेंगदाणे टाकलेली कोकची बाटली, आणि गाडीच्या मागून जमिनीवर पालथे पडलेले डॅडी स्वतःशीच बोलतायत. त्या बोलण्यातूनच मी सगळं शिकले. डावीकडेच वळत राहणाऱ्या गाडीचा ॲक्सल अगदी काटकोनात ठेवायचा नसतो. उजवं चाक केसभर मागे घेतलं की शेपूट सहज फिरते, गाडी वळणावर स्वतःहून वळते. फार मागे घेतलं तर शेपूट पुढे यायला बघते. पुढे घेतलं तर गाडी हट्टी होते आणि नाक भिंतीकडे धरते. हे तू ओरडा खाऊन शिकलास, मी बसल्याबसल्या. आणि ट्रॅकवर तू चौथ्या वळणातून बाहेर पडायचास तेव्हा मला स्टँडमध्ये बसून कळायचं की आज चाक किती मागे आहे. मम्मा डोळ्यांवर हात ठेवून विचारायची, ‘आहे ना गं तो अजून?’ आणि मी म्हणायचे, ‘आहे, आणि आज गाडी लोण्यासारखी वळतेय.’ तू जिंकलास की सगळे तुझ्या पाठीवर थापा मारायचे, ते ठीकच होतं. पण त्यातली थोडी थाप माझी आहे असं मला नेहमी वाटायचं.

ऑगस्टात बायकांची शर्यत असायची, आठवते? नवऱ्यांच्या नाहीतर भावांच्या गाड्या घेऊन बायका दहा फेऱ्या मारायच्या आणि पुरुष कुंपणाला टेकून हसायचे. मी सतरा वर्षांची असताना डॅडींना म्हटलं होतं, मला उतरू द्या. तू तिथेच होतास, हॉटडॉग खात होतास, तुला आठवणार नाही. डॅडी म्हणाले होते, ‘गाडी रस्टीच्या वजनाला लावलेली आहे, पोरी. तुझ्या हातात ती तशी वागणार नाही.’ रागाने नाही, अगदी समजुतीने म्हणाले. म्हणून तर मला भांडताही आलं नाही. नंतर मी पुन्हा कधी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले, लायलशी लग्न केलं, आणि डोंगरातल्या रस्त्यावर पिकअप जरा जोरात वळवण्यावर समाधान मानलं. लायल तेव्हा दाराची मूठ धरून बसतो आणि हवापाण्याबद्दल बोलतो. आपल्या घरात शोभून दिसतो तो.

आता तुझ्या अपघाताच्या त्या शनिवारचं. त्याबद्दल वीसेक वर्षांत आपल्यात कुणी अक्षर काढलं नाही, तर मीच काढते. तू चौथ्या वळणावर फिरलास, भिंतीवर आदळलास, गळ्याखालचं हाड मोडलं. इस्पितळात तू डॅडींना म्हणालास, ‘तुमच्या वाकड्या ॲक्सलने मारलं मला.’ आणि ते म्हणाले, ‘ॲक्सल बरोबर होता. चालवणाऱ्याचं डोकं वाकडं होतं.’ मम्मा मध्ये पडली, ‘अरे, दोघंही गप्प बसा, तो जिवंत आहे ना!’ तुम्ही तिचं ऐकलंत, पण इतकं ऐकाल असं तिला वाटलं नव्हतं. हाड जुळल्यावर तू पश्चिमेला निघून गेलास, शाळांच्या बस दुरुस्त करायला लागलास. डॅडींनी गाडीचा पत्रा सरळ केला, ताडपत्री टाकली आणि दार लावलं. मम्माच्या अंत्यविधीला तू आलास तेव्हा तुम्ही दोघं शवपेटीच्या दोन कडांना धरून चालत होतात, मी मागून बघत होते. मला वाटलं, आता तरी. पण जेवणाच्या टेबलावर पुन्हा ऊन आणि गारठा.

तर या रविवारी मी सीटवर बसले होते आणि डॅडी मागच्या चाकापाशी होते. जॅकवरून गाडी नुकतीच उतरवली होती. ते म्हणाले, ‘थांब, आधी ढकलू. तू स्टिअरिंग धर.’ हे तुला सांगायला नको, जॅकवरून उतरवलेली गाडी उंच बसते, पुढेमागे ढकलल्याशिवाय ती खाली बसत नाही, आणि ती बसली की ॲक्सल जागा बदलतो. म्हणून मी सुकाणू धरायचं आणि त्यांनी ढकलायचं, कायमची रीत. या वयात त्यांनी ढकललं, धापा टाकल्या, आणि मग माझ्या खिडकीला टेकून, माझ्या कानाकडे बघत म्हणाले, ‘त्या शनिवारी तू नव्हतीस.’ मी नव्हते, खरंय. लायलच्या बहिणीचं लग्न होतं. ‘मी सीटवर सगळ्या पिशव्या रचल्या. पण ढकलायचं कसं? एकट्याला सुकाणूही धरता येईना आणि ढकलताही येईना. आभाळ भरून आलं होतं, शर्यत लवकर सुरू करणार म्हणत होते. म्हटलं, चालतंय, बसली असेल. न ढकलताच माप घेतलं. ट्रॅकवर गेल्यावर ती बसली, जॅनेल, आणि उजवं चाक मागे गेलं. फार मागे. मला तिथे कुंपणापाशीच कळलं होतं, तो भिंतीला लागायच्या आधी.’

मला उगाच अपराधी वाटलं नाही, मी काही त्या शेडची पगारी नोकर नव्हते. पण फार वाईट वाटलं. मी विचारलं, हे त्याला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, ‘इस्पितळात सांगणार होतो. त्याने आधी तोंड उघडलं, मग मीही उघडलं. एकदा तसं बोलून गेल्यावर परत कुठून सुरुवात करायची? दर वेळी फोन लावतो आणि ऊन विचारतो.’ मग त्यांनी ओकचा तुकडा उचलला आणि म्हणाले, ‘बस नीट. हलू नकोस.’ रस्टी, चूक ज्याची त्यानेच ती सांगावी असं मलाही वाटतं. पण त्यांना आता एक्याऐंशी पूर्ण होतील, आणि उन्हाचा विषय संपायची वाट मी बघणार नाही. तुझा दोष नव्हता. त्यांना ते पहिल्या क्षणापासून माहीत आहे.

मंगळवारी गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याच्या पार्किंगमध्ये नेली. तिथे आता गवत आणि दिव्यांचे खांब एवढंच आहे. तू येशील तेव्हा गाडी तपासलेली असावी, म्हणून कुणीतरी चार गोल फेऱ्या मारायला हव्या होत्या. लायल म्हणाला, ‘मी मारतो.’ डॅडी म्हणाले, ‘तू पिकअपमध्ये बस.’ आणि चावी मला दिली. मी पिशव्यांसकट बसले, पट्टे आवळले. आधी हळू, मग जरा जोरात, मग... मी तुला काय सांगू? तुला ते माहीत आहे, तू वर्षानुवर्षं दर शनिवारी ते केलंस. पाठीला सीटमधून सगळं कळतं. ज्या गोष्टी मी जमिनीवरून येणाऱ्या आवाजातून शिकले होते त्या सगळ्या माझ्या पाठीत येऊन बसल्या. चौपन्नाव्या वर्षी मी हेल्मेटमध्ये एकटीच मोठमोठ्याने हसत होते. खाली उतरले तेव्हा डॅडी खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, ‘बोल.’ मी म्हटलं, वळणात जाताना छान जाते, पण बाहेर पडताना हट्ट करते, नाक बाहेर काढते. शेपूट उशिरा येते. उजवं चाक केसभर मागे हवंय. फार नाही, तुमच्या लाकडाची एक पायरी.

मला वाटलं, आता म्हणतील की तुला काय कळतंय. लायलने तेवढ्यात पिकअपमधून विचारलं, ‘जेवायला जायचं का?’ त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मग डॅडी म्हणाले, ‘घरी चल. पुन्हा लावू.’ शेडमध्ये परत दोऱ्या ताणल्या, मी सवयीने सीटवर बसले, पिशव्या मांडीवर ओढल्या. डॅडी खिडकीपाशी आले, आत हात घातला, चाचपडत एक पिशवी धरली आणि उचलून जमिनीवर ठेवली. मग दुसरी. मी म्हटलं, अहो, हे काय करताय, रस्टीचं वजन! ते म्हणाले, ‘रस्टी चालवणार नाहीये. जो चालवणार त्याच्याच वजनाला गाडी लावायची, किती वेळा सांगायचं तुला?’ आणि खाली बसायला लागले, गुडघे धरत, शिव्या देत. मी नुसती सुकाणू धरून बसले. मागून त्यांचा आवाज आला, ‘रडतेयस का? रडू नकोस, गाडी हलते.’

हे तुला वाचून कसं वाटेल याचा मी चार दिवस विचार केला. ती तुझी गाडी आहे, दारावर अजून तुझंच नाव आहे, आणि ते मी पुसू दिलेलं नाही. तू म्हणालास की मला चालवायचीय, तर मी उतरेन, पिशव्या परत मांडीवर घेईन आणि माप पुन्हा घ्यायला लावेन. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही: तू तसं म्हणू नयेस अशी माझी फार इच्छा आहे. मला ती फेरी हवी आहे रे. सतरा वर्षांची असल्यापासून हवी आहे.

आणि तरीही तू यायला हवंस, त्यासाठीच हे पत्र. डॅडी सप्टेंबरातल्या त्या शेवटच्या शर्यतीला चौथ्या वळणासमोरच्या स्टँडमध्ये बसणार आहेत. त्यांना इंजिन ऐकू येईल, पण वळणातून बाहेर पडताना मागची चाकं काय करतायत हे त्यांना दिसणार नाही, आणि आयुष्यभर त्यांनी तेवढंच बघितलंय. पूर्वी गाडी कशी वळतेय ते स्टँडमध्ये बसून मम्माला मीच सांगायचे, पण या वेळी मी गाडीत असेन. लायलला शेजारी बसवलं तर तो डॅडींना म्हणेल, ‘छान चाललीय, हार्लन,’ आणि डॅडी त्याला हाकलून देतील. त्यांना सांगू शकेल असा माणूस जगात एकच आहे, ज्याने त्याच वळणावर, त्याच गाडीत, त्यांच्या हाताने लावलेला ॲक्सल पाठीखाली घेतलाय. तू ये आणि त्यांच्या शेजारी बस. सुरुवातीला ते ऊन विचारतील, विचारू दे. मग हिरवा झेंडा पडला की फेरीगणिक त्यांना सांग, शेपूट कशी येतेय, चाक किती मागे वाटतंय. खोटं सांगू नकोस, मी भिंतीला घासले तर तेही सांग. आणि जर ॲक्सल बरोबर असेल, रस्टी, तर तेवढं त्यांना तुझ्या तोंडाने सांग.

तुझीच, आणि या खेपेला फक्त स्वतःच्या वजनाची,
जॅनेल